नाकशेठांची तबेलापाहणी

चहाच्या वखारीत पत्तीची चिमूट नाकाशी धरायची, एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि माल ठेवायचा की परत पाठवायचा ते सांगायचं, हे नाकशेठांचं उभ्या जन्माचं काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळं जगच वखारीत ओतलं आणि चिमूट चिमूट उचलून परत पाठवायला सुरुवात केली. शेजाऱ्याचा नवा सोफा, न्हाव्याची पावडर, मुलाची बोटीवरची नोकरी, सुनेच्या हातचा चहा, कशालाच पास मिळाला नाही. नाकशेठ हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने टोमणा म्हणून ठेवलं आणि या गृहस्थांनी ते पदवीसारखं मिरवलं.

एकाच जिवाला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. घरामागच्या पत्र्याखाली बांधलेली पांढरी म्हातारी घोडी. त्यांच्या बायकोने ती हौसेने घेतली होती आणि तिला ती ‘बाईसाहेब’ म्हणायची. बायको गेली, बाईसाहेब राहिल्या. सकाळी लीद काढायची, खरारा करायचा आणि तिच्या कानाशी लागून सगळ्या गल्लीची निंदा करायची, यात नाकशेठांचा दिवस बरा जायचा. आता मात्र त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर कित्येक महिने फावडं हातात धरायचं नाही अशी सक्त ताकीद होती. घोडीला दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्यात बाईसाहेबांना दम्याचा त्रास. आधी एक कोरडा खोकला, मग श्वास अडकून लगेच दुसरा. जनावरांचे डॉक्टर तपासून म्हणाले, “मुताचा उग्र वास कोंडून राहतो अशा जागेत हिला ठेवलीत तर ही हिवाळा काढायची नाही. दिसण्यावर जाऊ नका. वास घ्या आणि मग ठरवा.”

“डॉक्टर,” नाकशेठ छाती काढून म्हणाले, “हे तुम्ही कुणाला सांगताय?”

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. गेल्या हिवाळ्यातल्या तापात नाकशेठांचं नाक गेलं होतं. चेहऱ्यावर होतं तसंच होतं, चांगलं लांबलचक, पण आतून ठार बंद. त्यात अत्तर ओता नाहीतर रॉकेल, दोन्ही सारखंच. हे त्यांनी एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. नाकशेठातून नाक वजा केलं तर उरतो नुसता शेठ, आणि तोही नावापुरता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते पूर्वीसारखंच सगळं हुंगत आणि पूर्वीसारखंच सगळं नापास करत. नापास करायला वास लागतो कशाला?

एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. सून धावत आली. “बाबा, वास नाही आला?”

“आला की. मला वाटलं, तू काहीतरी नवीन करते आहेस.”

सून शाळेची बस चालवायची. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घेणारी बाई, तिने हेही ऐकून घेतलं. एकदा सासऱ्याकडे नीट पाहिलं आणि पातेलं घासायला घेतलं.

तबेले पाहायला तीच गाडी काढून त्यांना घेऊन निघाली.

पहिल्या ठिकाणाला तबेला म्हणायची चोरी होती. फाटकावर ‘अश्वनिवास’ अशी सोनेरी अक्षरं. मालकाच्या बुटांत तोंड दिसेल इतकी त्यांना चकाकी, म्हणजे ते बूट कधी घोड्याच्या ठाणात गेले नव्हते. प्रत्येक ठाणावर कर्णा लावून मंद संगीत सोडलेलं. “आमच्याकडे घोड्यांच्या मनाचा विचार होतो,” मालक म्हणाला.

“मनाचा करा, पण आधी पोटाचा करा,” नाकशेठांनी पाण्याच्या बादलीत बोट घालून हिरवं शेवाळ वर काढलं. “हे कुठल्या रागात बसतं?”

दुसरीकडे एक निवृत्त सुभेदार होता. त्याने वैरणीची वेळ सांगितली नाही की ठाण दाखवलं नाही, आधी नियम ऐकवले. घोड्याला भेटायचं ते फक्त रविवारी, तेही आगाऊ कळवून. नाकशेठ त्याला म्हणाले, “माझी घोडी दम्याने आजारी आहे, तिने खून केलेला नाही.” आणि तोंड फिरवून चालते झाले. गाडीत बसल्यावर त्यांनी सुभेदाराचा, बुटवाल्याचा, एकूणच माणसांच्या जातीचा उद्धार केला आणि वर सुनेला सुनावलं, “तुला यातलं काही कळायचं नाही. तू आपली रस्त्याकडे बघ.” सून रस्त्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या तबेल्याचा मालक असा गोडबोल्या की त्याच्याशी बोलल्यावर चूळ भरावीशी वाटावी. “या, या! चहाच्या वखारीतलं ते नाक म्हणजे तुम्हीच ना? आमचं भाग्य!” नाकशेठ तिथेच विरघळले. दुसऱ्यांवर तोंडसुख घेणारा माणूस स्वतःच्या स्तुतीपुढे कसा लोण्याचा गोळा होतो, ते पाहण्यासारखं होतं. आत भिंतींना ताजा चुना, ठाणांत लाकडाच्या भुशाची पिवळीधमक गादी, खिडक्या मात्र सगळ्या बंद. “धूळ नको म्हणून,” गोडबोल्याने खुलासा केला.

नाकशेठांनी डोळे मिटले, मान वर केली आणि वखारीत घेत तसा दीर्घ श्वास घेतला. “वा! याला म्हणतात हवा. वासाचा मागमूस नाही. सूनबाई, ठरलं. उद्याच बाईसाहेबांना आणायचं.”

तेवढ्यात टोकाच्या ठाणातून खोकल्याचा आवाज आला. आधी एक कोरडा, मग श्वास अडकून लगेच दुसरा.

नाकशेठांचं नाक गेलं होतं, कान शाबूत होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती एका ठाणात शिरून ओढणी तोंडाशी धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“रडतेस का?”

“रडत नाहीये, बाबा. डोळे झोंबताहेत.”

गोडबोल्या घाईघाईने म्हणाला, “ताईंना सवय नाही. तुमच्यासारख्या जाणकाराने पास केल्यावर...” आणि नाकशेठ हो म्हणणारच होते. खरंच म्हणणार होते! उभ्या जन्माची अब्रू त्या एका होकारात होती. मग त्यांना थंडीतल्या बाईसाहेब दिसल्या, या बंद खिडकीआड मान खाली घालून खोकणाऱ्या, आणि त्यांना स्वतःची किळस आली. आयुष्यभर त्यांनी जगाला नापास केलं होतं, पण इतका कुजका माल त्यांच्या हाती कधी आला नव्हता.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मला वास येत नाही गं. गेल्या तापापासून अजिबात येत नाही. तू सांग.”

गोडबोल्याचं हसू ओठांवरच वाळलं. सुनेने चपलेच्या टोकाने भुसा बाजूला सारला. खाली काळा, सडका, ओला थर होता. “मुताचा वास आहे, बाबा. उभं राहवत नाही इतका. वरून नवा भुसा पसरलाय नुसता.”

बाहेर येऊन दोघं गाडीत बसली. नाकशेठांचे कान लाल झाले होते. “तुला कधीपासून माहीत होतं?”

“दूध करपलं तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर त्यालाही नाक मुरडलं असतंत,” ती म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली. नाकशेठांनी तिची पर्स उचलून आपल्या मांडीवर घेतली. त्यांच्या बाबतीत हे आक्रीतच होतं.

चौथा तबेला गावाबाहेर, जुनाट, एका बाजूने सताड उघडा. घोडे माना बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चौकशा करत होते. मालकीण कपाळाला आठ्या घालून कुणालातरी फोनवर झापत होती. इतर वेळी नाकशेठांनी एवढ्यावरच तिला परत पाठवलं असतं. आज ते सुनेची पर्स सांभाळत फाटकाशी उभे राहिले. सून एकेका ठाणात वाकून शिरली, गादी उकरून पाहिली, वैरणीच्या गंजीत तोंड घातलं. तिला वेळ लागत होता आणि यांचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी आतून तिची हाक आली. “बाबा! बाईसाहेबांना आणूया इथे!”

मालकिणीने फोन ठेवला आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “चहाच्या वखारीतलं ते प्रसिद्ध नाक तुमचंच ना? मग एवढ्या लांब का उभे? आत जाऊन वास घ्या, नंतर नावं ठेवू नका.”

“बाई,” नाकशेठ पर्स सावरत म्हणाले, “आत्ता आतून ओरडलं ना, तेच आमचं नाक.”