बाभळीची कुडी

केनियातल्या माझ्या नोकरीच्या गावी आई राहायला आली, पण तिचं मन रमेना. शेजारणीशी बोलावं तर भाषा येत नाही. "मला गावाकडं पाठव गं," एवढंच ती रोज म्हणायची.

रविवारी आम्ही माळावर फिरायला गेलो. वाटेत एक काटेरी झाड दिसलं. जोडीजोडीनं पांढरे काटे, बारीक पानं, पिवळी गोंड्यांसारखी फुलं, खाली मण्यांच्या माळेसारख्या वाळक्या शेंगा. कॉलेजात शिकलेली सगळी लक्षणं जुळली.

"आई, ही आपलीच बाभूळ."

"मग एवढी काय तपासतेस? सोयरीक जमवायचीय का तिची?"

तिनं एक शेंग उचलून हातात खुळखुळवली. अशाच शेंगांवर तिच्या शेळ्या वाढल्या आणि त्या शेळ्यांच्या जिवावर मी पदवीपर्यंत पोचले. ही बाभूळ दोन्ही मुलखांत सारखीच रुजलेली होती. आपल्यालाच कुठेही रुजायला वेळ लागतो.

आईनं एक फूल तोडून कानाच्या पाळीला लावून पाहिलं. "लहानपणी आमची कुडी हीच."

मग तिनं आणखी दोन फुलं जपून पदरात बांधली.

"ती कशाला?"

"शेजारणीच्या पोरीला. कानात घालायला काय भाषा लागते?"