दाजींचं सात किलो

सोलापुरात दोन हातांनी उचलता येईल अशी एकही वस्तू नसेल, जी माझ्या दाजींनी एकदा तरी उचलून, जराशी हलवून, तिचं वजन सांगून खाली ठेवलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे, धंदा चादरींचा. पंगतीत वाढायला आलेली श्रीखंडाची बादली, लग्नातल्या आहेराची भांडी, शेजाऱ्यांचा गॅस, काहीही चालतं. एका बारशाला त्यांनी पाळण्यातलं बाळ उचललं आणि भरल्या घरात जाहीर केलं, "तीन किलो सहाशे. टोपडं धरून." बाळाच्या आजीने लगेच मीठ-मोहऱ्या मागवल्या. बाळाच्या आईने मात्र दवाखान्याचं कार्ड काढून ताडून पाहिलं. दाजी म्हणाले, "कार्डात टोपडं धरलेलं न्हाय, एवढाच फरक."

हे ज्ञान त्यांना पाठीने शिकवलं. तीस वर्षं त्यांनी चादरींचे गठ्ठे माळ्यावरून खाली आणि खालून माळ्यावर केले. मग एक दिवस पाठ गेली आणि डॉक्टरांनी जड उचलणं कायमचं बंद केलं. तेव्हापासून ते कमरेला पट्टा बांधून गादीवर बसतात, उठताना तीन हप्त्यांत उठतात आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाकायचं कसं ते दाखवतात. चादर घेतलीच पाहिजे अशी त्यांची सक्ती नसते, पण गुडघ्यात वाकून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक सुटत नाही.

माझी पाठ गेली ती पाण्याची बादली उचलताना. तीन आठवडे मी फळीवर पडून होते आणि माझी बादली दुसऱ्यांनी उचलली. मला याद्या करून कामं उरकायची सवय. त्या तीन आठवड्यांत माझ्या वहीत एकच ओळ होती, "उठणे". नंतर वर्षभर व्यायाम केले, रोज खूण केली. मग ऑफिसातल्या मैत्रिणींनी दोन दिवसांचा गड ठरवला, ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. मी नाव दिलं. पाठ टिकली, तर मी पुन्हा पहिल्यासारखी. नाही टिकली, तर उरलेला जन्म बादलीसाठी हाका मारायच्या, असा माझा सरळ हिशेब होता. डॉक्टर म्हणाले, "जा, पण सॅक नीट बघून घ्या." मी सात मुद्दे लिहून काढले. आक्काला फोनवर वाचून दाखवत होते, तेवढ्यात पलीकडून दाजींचा आवाज आला, "मेव्हणीबाई, यादी ठेवा घरात. मी येतो."

दाजी आले ते कापड मोजायची टेप आणि पिशवीत गडावरच्या ओझ्याइतकी, बरोबर सात किलो मंगळवेढ्याची ज्वारी घेऊन. नव्या पेठेतल्या पहिल्याच दुकानात मालक उत्साहाने म्हणाले, "मॅडम, पन्नास लिटरची घ्या, लई चालते." दाजींनी विचारलं, "लिटरची? दूध भरायचंय काय?" मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मानेच्या उंच मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत माप घेतलं. "माणसाची उंची बघू नका मालक, पाठीची बघा. ह्या दिसायला उंच हायत, पण सगळी उंची पायात हाय." हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. मी मुकाट्याने आठवा लिहिला. त्यांनी सॅकचं कापड चिमटीत धरून चोळलं, शिवण उलटी करून पाहिली, पाठीमागच्या पट्ट्या मापाला लावल्या आणि आत ज्वारी ओतली. मी ती पाठीवर घेतली आणि दहा पावलांत कळ उठली, नेमकी जुन्या जागी.

"ब्याड," दाजी म्हणाले. कानडीत नको म्हणायचं असलं की त्यांचा निकाल कायम असतो. दुसऱ्या दुकानात ब्याड. तिसऱ्यात दोनदा ब्याड. प्रत्येक सॅक मला मागे खेचायची आणि प्रत्येक दुकानात फरशीवर ज्वारी सांडायची. संध्याकाळी आक्काच्या स्वयंपाकघरात बसून मी वही काढली आणि "गड" या शब्दावर रेघ मारायला पेन टेकवलं. दोष सॅकमध्ये नाही, माझ्यातच आहे, हे मला पटलं होतं.

आक्का भाकरी थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, "गडावर दळण टाकायला चाललीय व्हय ही?"

"वजन बघायला नको काय?" दाजी म्हणाले.

"वजन बघा की. पण जवारी तळाला जाऊन बसणार, फुगणार आणि मागं ओढणारच. तुमी गठ्ठा असाच बांधत होता काय?"

दाजींनी ज्वारीची पिशवी पायाने बाजूला सारली. मग तीन हप्त्यांत उठले आणि म्हणाले, "रेघ मारू नका. उद्या दहा वाजता."

दुसऱ्या दिवशी आम्हाला पाहून पहिल्या दुकानाच्या मालकांनी आधी फरशीकडे पाहिलं. दाजींनी हात जोडले. "आज जवारी न्हाय. काल चूक माझी हुती, मालक. तीच सॅक काढा." या वेळी पिशवीत चादरी होत्या. तळाला हलके पंचे, जाड चादरींच्या घड्या उभ्या, पाठीला चिकटून, बाहेरच्या बाजूला पुन्हा हलकं. वजन तेच, सात किलो. कमरेचा पट्टा त्यांनी मला पोटावरून खाली, हाडांवर घ्यायला लावला आणि आवळायला सांगितलं. छातीवरचा पट्टा गळ्यातल्या इष्टलिंगावर येत होता, तो दोन बोटं वर सरकवायला लावला. मग अर्धा तास मी दुकानाचा जिना चढत-उतरत होते आणि दाजी खालून विचारत होते, "खांद्यावर काय हाय?" "काही नाही." "कमरेवर?" "आहे, पण बसल्यासारखं." "कळ?" मी अजून दोनदा चढले, खात्री करायला. कळ नव्हती.

गडावरही मी तासातासाला स्वतःला तोच प्रश्न विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी पायथ्याला उतरून एका दगडावर बसले आणि कशालाही न धरता उठले. मग कोणी बघत नाही असं पाहून पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. हसू आवरेना. दाजींना फोन लावला. "पाठ?" एवढंच त्यांनी विचारलं. "हाय जागेवर," मी म्हटलं. दाजी म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे, आणखी काही नको.

गडावरून आल्यावर आक्काला दाखवायला म्हणून सॅक त्यांच्याकडे ठेवली होती. रविवारी न्यायला गेले, तर दुकानाच्या माळ्याच्या जिन्यावर दाजी उभे. पाठीवर माझी सॅक, कमरेचा पट्टा आवळलेला. तीन पायऱ्या चढले, थांबले, वर माळ्याकडे पाहिलं आणि तीन पायऱ्या उतरले. मी दिसल्यावर म्हणाले, "वजन बघत हुतो."

"किती आहे?"

"रिकामीच हाय की."

घरी येऊन पाहिलं, तर खांद्याचे पट्टे त्यांच्या मापाला सैल केलेले होते. मी ते अजून आवळलेले नाहीत. एका सोप्या, पायऱ्यांच्या गडाची नवी यादी केली आहे आणि दाजींच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवलं आहे. रिकामी सॅक घेऊन हळूहळू जायला त्यांची हरकत नाही. यादीत पहिली ओळ आहे, "दाजींच्या पाठीचं माप". तेवढ्यावरच सगळं अडलं आहे. टेप त्यांच्याकडे असते, आणि मी गेले की ती नेमकी त्यांना सापडत नाही.