तनूचा रुसवा

मी केशोरी सोडली त्या सकाळी माय माझ्या लेकीला बगळे दाखवायला बोडीवर घेऊन गेली. ठरवून नेलं होतं. लेकराच्या डोळ्यांदेखत आई निघाली तर लेकरू दिवसभर रडतं, म्हणून त्याला कशात तरी गुंतवायचं आणि मागच्या मागं निघायचं, ही आमच्याकडची रीत. गावातल्या कितीतरी बाया अशाच कामाला गेल्या. बोडी म्हणजे आमचा छोटा तलाव, धानाच्या पाण्यासाठी आमच्याच कुळातल्या माणसांनी कधीकाळी बांधलेला. त्याच्या पाळीवर माय पाठमोरी उभी, तिच्या कडेवर अडीच वर्षांची तनू, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये दोन बायांच्या मधे दाबून बसलेली मी. गाडी वळेपर्यंत मी त्या दोन पाठींकडे बघत होते. तनूला त्या दिवशी सर्दी होती.

मी नर्स. गोंदियात शिकले, तिथल्याच एका दवाखान्यात कंत्राटावर होते, कंत्राट संपलं आणि पुण्यात लहान मुलांच्या इस्पितळात जागा मिळाली. तनूच्या बापाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती पोटात असतानाच तो निघून गेला, नसलेलाच बरा. नर्सेसच्या होस्टेलमध्ये लेकरू ठेवू देत नव्हते. खोली मिळाली की घेऊन जाईन, असं मी मायला म्हटलं. माय म्हणाली, “तू जाय बिनघोर. पोरगी माह्याजवळ राहीन.” मी तिला एकच गोष्ट बजावली होती, “ड्युटीच्या टायमावर फोन करू नोको. लहानसहान गोष्टीसाठी तं बिलकुल नोको.” हे वाक्य माझं आहे. पुढं मी मायला जे बोलले ते वाचण्याआधी हे वाचलेलं असावं, म्हणून इथंच लिहून ठेवते.

गावात राहिलेल्यांना वाटतं आम्ही शहरात येऊन बदललो. खरंच आहे. मी आधी बोलणं बदललं. ‘नेब्युलायझेशन देऊन राहिली’ असं मी पहिल्या आठवड्यात म्हणाले, तर स्टाफरूममध्ये हशा पिकला आणि महिनाभर तेच माझं टोपणनाव होऊन बसलं. मग मी ‘देतेय’, ‘करतेय’ म्हणायला शिकले. आता केशोरीत गेले की तिथं हसतात.

काम मात्र मला येत होतं, आणि ते मी जीव लावून केलं. आमच्या वॉर्डात येतात ती छातीची आणि कानाची लेकरं. थंडी सुरू झाली की एक घरी जातं न जातं तोच त्या खाटेवर दुसरं येतं. लेकरू शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचे नाहीत. फासळ्यांखाली खड्डा पडतो का ते बघायचं. गोंदियाकडं त्याला ‘पसली चालते’ म्हणतात, आणि पुण्यातल्या डॉक्टरांना बोलावताना एकदा तोंडातून तसंच निघालं तेव्हा ते हसले नाहीत, धावत आले. कानात थेंब घालायची बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबांनी लेकराला गरगरतं. वाहता कान स्वच्छ सुती कापडाची वात करून टिपायचा, वात कोरडी निघेपर्यंत. पाणी जाऊ द्यायचं नाही. तेल तर अजिबात घालायचं नाही. लेकरू दाखल करताना भरायच्या कागदात एक प्रश्न होता: मागून हाक मारली तर वळतो का? तो प्रश्न मी रोज कुणा ना कुणा आईला विचारला. ज्या आयांनी डोकं खाजवत ‘लक्ष नाही दिलं हो सिस्टर’ म्हटलं, त्यांचा मला मनातून राग यायचा.

रोज चार वाजता मी व्हिडिओ कॉल करायचे. सुरुवातीचे तीनेक महिने तनू बोलायची, बोबडं, पण भरपूर. बैल दाखवायची, पायातली नवी चप्पल दाखवायची, “आई, ये” म्हणायची. मग हळूहळू ती गप्प झाली. जेवलीस का विचारलं तर नुसती बघायची. गाणं म्हण म्हटलं तर मायच्या तोंडाकडं बघायची. ‘टाटा कर’ म्हटलं की हसून हात हलवायची, कारण मीही तेव्हा हात हलवत असायचे. हे आज लिहिताना कळतंय. तिच्या कानांना कायम काहीतरी बांधलेलं असायचं. थंडीत कानटोपी, उन्हाळ्यात दुपट्टा. आमच्याकडं लू लागते, कान बांधल्याशिवाय माणूस उन्हात जात नाही, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मायला शाबासकी दिली. पावसाळ्यातही टोपी दिसली तेव्हा विचारलं, तर माय म्हणाली, हवा ओली आहे.

तनू रुसली आहे, असं मी ठरवून टाकलं. का रुसू नये? मी तिला बगळे दाखवून पळाले होते. मी स्वतःला गुन्हेगार समजत होते, त्यामुळं तिच्या गप्प बसण्यात मला शिक्षाच दिसली, दुसरं काही दिसलं नाही. होस्टेलमधल्या मैत्रिणींना मी सांगायचे, “लेक रुसलीय माझ्यावर.” सांगताना रडू यायचं आणि थोडं बरंही वाटायचं, कारण रुसवा आपल्या माणसावरच येतो. पहिल्या दिवाळीला दोन दिवस गेले तर ती मायच्या लुगड्याआड लपून बसली, मला हातही लावू दिला नाही. मी तिच्यासाठी नेलेली बाहुली ओट्यावर ठेवली आणि परत आले.

गेल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत मला आठ दिवसांची सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तनू अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होती, माझ्याकडं पाठ करून. मी दारातून हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. “रुसूबाई,” मी हसत म्हणाले आणि पुढं निघाले, तर चौकटीला धक्का लागून हातातली जर्मनची परात दगडावर पडली. केवढा आवाज झाला. कोंबड्या फडफडून उडाल्या, शेजारचं कुत्रं भुंकत आलं. तनू त्या उडालेल्या कोंबड्यांकडं बघत राहिली. त्या एकाएकी कशाला घाबरल्या, ते तिला कळेना.

मी तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली. नर्स असल्यामुळं मला तेवढ्यानं कळलं, तरी मी आणखी दोनदा वाजवली. मग तिच्या डोक्याचा दुपट्टा सोडला. दोन्ही कानांत तेलानं पिवळा पडलेला कापूस होता. तो काढल्यावर जो वास आला, तो मी वॉर्डाच्या दारातूनही ओळखते.

“कवापासून?” परातीच्या आवाजानं बाहेर आलेल्या मायला मी विचारलं.

“मागच्या सालच्या पावसाळ्यापासून,” माय म्हणाली. “सर्दी झाली, मंग कान ठणकला, मंग वाहे लागला. लसणाचं तेल कोमट करून घालून राहिली ना मी. तुह्या कानात नाही घातलं काय? तुले काही झालं काय?”

“मले काऊन नाही सांगितलं माय? मी हेच काम करतो ना रोज!”

“तूच म्हणली ना, लहानसहान गोष्टीसाठी फोन करू नोको. अन् सांगतलं असतं तं तू सारं टाकून आली असती. कायले सांगू? लेकराचे कान तं वाहतच असते.” मग हळू आवाजात म्हणाली, “तुले दिसू नये म्हणून बांधून ठेवत होती.”

तेव्हा मी मायला म्हणाले, “तू माह्या पोरीले बहिरी केली.”

मायनं परात उचलली, पदरानं पुसली आणि आत नेऊन ठेवली. त्यानंतर मी निघेपर्यंत ती कामात होती. या वेळी तनूला कुणी कुठं नेलं नाही, कारण तनूच माझ्याबरोबर जात होती. तिचे कपडे मायनं घड्या घालून पिशवीत भरून दिले. गाडीत तनूनं माझ्या हाताला चावा घेतला.

पुण्यात आमच्याच इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. दोन्ही पडद्यांना भोकं. उजव्या कानातली नाजूक हाडं पुवानं झिजलेली. कान कोरडे राहिले, ती जरा मोठी झाली, की ऑपरेशन करता येईल. थोडंफार परत येईल, सगळं नाही. बोलायला शिकायचं वय ऐकण्याशिवाय गेलं, ते आता मेहनतीनं भरून काढावं लागेल. “घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?” त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, आणि मग माझ्या युनिफॉर्मकडं बघून पुन्हा कागदात मान घातली. पहिल्या महिन्यात दाखवलं असतं तर साध्या औषधानं आणि चार कोरड्या वातींनी भागलं असतं. हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, इतरांना हे मीच सांगते.

आता आम्ही दोघी एका खोलीत राहतो. माझ्या ड्युटीच्या वेळात ती पाळणाघरात असते. तिथल्या ताई भल्या आहेत. माय फोन उचलते, “पोरीले दाखव” एवढंच म्हणते, आणि मग दोघी हातांनी बोलतात. दीड वर्षात त्यांनी आपली एक भाषा तयार केली होती, हे मला इथं येऊन समजलं. मूठ गालाला लावली की झोप. बोटं चिमटीसारखी केली की कोंबडी. हात डोक्यावरून मागं नेला की बगळा. हे कुणी शिकवलं नव्हतं. बोललेलं पोरीला कळत नव्हतं, म्हणून मायनं हात वापरले, आणि तनू तिच्या हातांत वाढली.

ऐकायचं यंत्र मिळालं ते आत्ता दोन महिन्यांपूर्वी. कान वाहतात म्हणून आत घालायचं चालत नाही. कानामागच्या हाडावर टेकतं ते, कापडी पट्ट्यानं डोक्याला बांधायचं. पहिल्याच दिवशी दुपारी मी कॉल लावला. “माय, आज बोल,” मी म्हणाले. “तिले आयकू येते.”

माय पदर सावरून, शाळेत उभं केल्यासारखी म्हणाली, “तनू... जेवली काय बाई?”

तनू दचकून दाराकडं वळली. दारात कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं, आणि तिचा चेहरा अनोळखी माणूस घरात शिरल्यावर होतो तसा झाला. मायनं पुन्हा हाक मारली. तनूनं दोन्ही हातांनी पट्टा ओढून काढला, यंत्र माझ्या मांडीवर टाकलं आणि फोनला नाक लावून बसली. तिकडं मायनं डोळे पुसले आणि पाच बोटं तोंडाकडं नेली. तनू हसली. तिनं मान हलवली आणि हातांनी एक लांबलचक गोष्ट सांगितली, जिच्यातलं मला अर्धंही कळलं नाही. माझ्या मांडीवर ते यंत्र बारीक शिट्टी वाजवत होतं.

तनू उठून गेल्यावर मी फोन हातात घेतला. “माय, मी चुकली,” मी म्हणाले. “तसं बोलाले नोको होतं. माफ कर मले.”

“आयकू नाही येऊन राहिलं वं,” माय म्हणाली. “नेटवर्क नाही इथं.” आणि तिनं फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता, चित्रही.

होस्टेलमधल्या पोरी अजून विचारतात, ताई, आता घर कुठलं म्हणायचं, पुणं की केशोरी? त्यातल्या बऱ्याच जणी आपली लेकरं अशीच कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून आल्यात. त्यांना मी एकच सांगते, मागून हाक मारून बघायला सांगा, रोज. बाकी घराचं मला सांगता येत नाही. मला एवढं दिसतं की तनूचं घर मायच्या दोन हातांत होतं आणि तिथं आवाजाची गरज नव्हती. तिथून तिला मी रोज थोडं थोडं बाहेर ओढतेय, तिच्या भल्यासाठी. मायनंही जे केलं ते माझ्या भल्यासाठीच केलं होतं.

सकाळी मी पट्टा बांधायला घेतला की तनू रडायला लागते. हात झटकते, मान फिरवते. मी तिचं डोकं छातीशी धरते आणि बांधते, इतरांच्या लेकरांना धरते तसंच. यंत्र सुरू होतं आणि रडता रडता तिला अचानक स्वतःचं रडणं ऐकू येतं. मग ती थांबते, आणि कोण रडतंय ते खोलीभर शोधत राहते.