पाटा, कयाक आणि दोन कांदे

मला पोहता येत नाही. ही माहिती मी माझ्या साळ्याला दिली, पण जरा उशिरा. तेव्हा मी धरणात होतो आणि कयाक माझ्या डोक्यावर होती.

त्याने आधी विचारलं नव्हतं असं नाही. "दाजी, पवता येते ना?" हा पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न.

"अरे, मी मेहकरात पाणीपुरवठ्यात अख्खी नोकरी काढली!" मी छाती पुढे काढून म्हणालो. (व्हॉल्व्ह फिरवायची नोकरी. पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं. आत उतरायचं काम त्यात कुठे नव्हतं!)

साळ्याचं नाव गजू. कोकणात समुद्रकाठी तो पर्यटकांना कयाकमधून मासे धरायला शिकवतो. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबोडकी प्लास्टिकची होडी. वल्हं आपणच मारायचं, गळ आपणच टाकायचा आणि बुडायचंही आपलं आपणच. उन्हाळ्यात गजू सुट्टीवर आला तो एक जुनी पिवळी कयाक पिकअपमध्ये टाकूनच. रिटायर झाल्यापासून मी त्याच्या मागे लागलो होतो, मला समुद्रात ने म्हणून. त्याची अट एकच.

"आधी धरणावर परीक्षा. पास झाले तं समुद्र. नाही तं काठावर बसून नारळपाणी."

आठ दिवस अंगणात धडे चालले. उलटलेल्या कयाकवर परत कसं चढायचं, हे मी बाजेवर शिकलो. बाजेवरून धाडकन पडायचं, लाथा झाडायच्या, पोटावर सरपटत वर यायचं. शेजारच्या गच्चीवर गर्दी जमायला लागली.

"अवो, पुरे करा आता," बायको म्हणाली. "लोकाईले वाटून राह्यलं तुमाले फिट येते!"

गजूचे नियम मात्र पक्के होते. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावायचे. शिट्टी गळ्यात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोही गळ्यात. चाकू कमरेला. आणि होडी एका जागी थांबवायला जे वजन पाण्यात सोडायचं, त्याचा दोर कयाकच्या टोकाला बांधायचा, बाजूला कधीच नाही. गाठही अशी, की एका झटक्यात सुटली पाहिजे.

"समजलं, दाजी?"

"हाव बे! लहान पोरगा आहे का मी?"

रविवारी दुपारी आम्ही तिघं धरणावर पोचलो. बायकोने तीन दगडांची चूल मांडली, कढई, तिखट, मसाला काढला. नवरा मासा आणणार यावर तिचा इतका विश्वास मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. तिथेच माझं डोकं फिरलं असावं.

"विळी घरीच राह्यली वाटते," ती पिशवी उलटीपालटी करत म्हणाली. "कांदे कायनं चिरू?"

मी मोठ्या दिलाने कमरेचा चाकू काढून दिला.

पुढचा घोळ वजनाचा. गजूचं लोखंडी वजन कोकणातच राहिलं होतं. त्यावर उपाय मी गुपचूप घरूनच आणला होता. पाटा! बायकोच्या माहेरचा, काळा, चांगला आठ-दहा किलोचा. पोत्यात गुंडाळून कयाकमध्ये ठेवला आणि गजू गाडी सावलीत लावायला गेला तेवढ्यात दोर बांधला. टोकाला हात पुरेना (पोट आडवं येतं), म्हणून बाजूच्याच कडीला बांधला. गाठ मात्र अशी मारली की बाप खूश झाला असता! सुलतानपूरला आमच्या शेतात बैल खुंट्याला बांधायची गाठ. बैलाने जितका हिसका द्यावा, तितकी ती जास्त आवळते. आमच्या घरातला एकही बैल आजवर सुटलेला नाही.

जॅकेटचे वरचे दोन पट्टे लावले. खालचा पोटावर लागेना, तो सोडून दिला.

काठापासून दोनशे-अडीचशे फुटांवर गेलो, पाटा सोडला, गळ टाकला. कयाक झकास थांबली. मला वाटलं, पास!

मग वारा सुटला. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा कसा अचानक येतो ते मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. पण धड्यात ते गजूने सांगितलेलं असल्यामुळे मी त्यावर विचार केला नव्हता. लाटा उठल्या. कयाकला वाऱ्याबरोबर जायचं होतं आणि पाट्याला जायचं नव्हतं. दोर ताणला आणि डावी बाजू खाली झुकली. एक लाट मांडीवर आली. दुसरी सरळ मांडीत येऊन बसली.

मी गाठीला हात घातला. बोटं सोलली. नखं लावली, दात लावले. प्रत्येक लाटेगणिक हिसका बसत होता आणि प्रत्येक हिसक्याला गाठ आवळत होती. खाली पाणी हिरवं-काळं दिसत होतं आणि दोर त्यात सरळ खाली गेला होता.

तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत. मी जीव एकवटून तीन शिट्ट्या मारल्या.

काठावर बायको उठून उभी राहिली, दोन्ही हात हलवले आणि चुलीत लाकडं सारली. एका मिनिटात माझ्या गळ्यातला फोन वाजला.

"अवो, शिट्टी आयकली! केवढा मासा आहे?"

"मासा नाही! मी बुडून राह्यलो!"

"हवेनं आयकू नाही येऊन राह्यलं. दोन कांदे चिरू का चार?"

"सुनंदे, गजूले दे फोन! गजूले!"

गजूचा आवाज आला. "दाजी, कयाक वाकडी काऊन दिसून राह्यली?"

"दोर बाजूले बांधला."

"सोडा न मंग!"

"सुटत नाही. बैलाची गाठ आहे."

"कापा! चाकू घ्या अन् कापा!"

"चाकू तुझ्या बहिणीजवळ आहे."

मग गजू अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, कांदा खाली ठेव."

पुढची लाट आली, कयाक उलटली आणि मी गेलो. कान बंद, डोळ्यांसमोर हिरवं. खालचा पट्टा नसलेलं जॅकेट सरसर वर सरकलं आणि माझे कान, गाल, नाक त्यात अडकले. जॅकेट तरंगत होतं, मी त्यातून खाली गळत होतो. बाजेवरचे सगळे धडे आठवले. फक्त बाज इतकी गुळगुळीत नव्हती आणि अंगणात खाली जमीन होती! दोनदा चढलो, दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा हातात काहीतरी लागलं ते घट्ट धरलं. तो पाट्याचा दोर होता. ज्याने मला बुडवलं, त्यालाच मी लटकून होतो.

"पाय मारा, दाजी!" दातात चाकू धरून गजू पोहत आला होता. मग चाकू हातात घेऊन ओरडला, "दोर सोडा, मी कापून राह्यलो!"

"नाही सोडत! मले पवता येत नाही!"

गजूने माझ्याकडे जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. एका हाताने त्याने माझी कॉलर धरली, दुसऱ्याने दोर कापला. कांद्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

काठावर आलो. बायकोने लुगड्याच्या पदराने माझं डोकं खसाखसा पुसलं. मग तिने विचारलं, "दोराले बांधलं काय होतं पण?"

मी म्हणालो, "दगड."

घरी चटणी वाटायच्या वेळी खरं कळलंच. तो पाटा अजून धरणाच्या तळाशी आहे. मी तीन दिवस वरण-भातावर काढले.

तरी गजूने शब्द पाळला. गेल्या थंडीत बायकोसोबत समुद्र पाहिला. काठावरून, नारळपाणी पीत. त्याच्या वर्गाच्या भिंतीवर एका ढेरपोट्या माणसाचं चित्र आहे, जॅकेट कानापर्यंत, बाजूला पाटा. नवशिक्यांचा पहिला धडा तोच. पण संध्याकाळी मला एक काम मिळालं. भरतीत कयाक वाहून जाऊ नयेत म्हणून खांबाला पक्क्या बांधायच्या होत्या.

"हे दाजीईचं काम!" गजू म्हणाला.

मी सगळ्या सहा कयाक बांधल्या. सकाळी पर्यटक जॅकेटं घालून रांगेत उभे, पट्टे लावलेले, शिट्ट्या गळ्यात, आणि एकही गाठ सुटेना. गजू खाली बसून दात लावून पाहत होता.

"चाकू आणा कोणी!" तो शेवटी ओरडला.

चाकू कुठे आहे ते मला माहीत होतं. बायको कांदे चिरत होती.