मुलीच्या जागी आलेली आई

आमच्या गोडादरा वस्तीत रविवारी आम्ही संगणक शिकायला जमायचो. साधा खेळ बनवता बनवता प्रोग्रामिंग शिकायचं, अशी सरांची पद्धत. एका रविवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या जागी तिची आई येऊन बसली. "पोरीला ताप आहे," ती म्हणाली. "धडा बुडायला नको. मी शिकते आणि घरी जाऊन तिला सांगते."

ती कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायची. माऊस धरण्याआधी दर वेळी पदराला हात पुसायची. त्या दिवशी वरून पडणारे दाणे टिपणारी कोंबडी करायची होती. दाणा टिपला की एक गुण. तिची कोंबडी जागेवरच उभी होती आणि गुण मात्र भराभर वाढत सुटले होते.

"मावशी, गुण कधी द्यायचा ते तुम्ही सांगितलंच नाही," सर म्हणाले. "अट घाला."

तिनं जरा विचार केला आणि 'चोचीला दाणा लागला तरच' अशी अट घातली. गुण थांबले. मग तिनं कोंबडी सरकवून एक दाणा टिपला आणि बरोबर एकच गुण मिळाला. ती खळखळून हसली. मला अहिराणीत म्हणाली, "ताई, मी सांगस तितलंच करस हाई. घरमा मनं कोनी इतलं ऐकत नही!"

तीन रविवार मी अटी पाठ करत होते. त्या मला तेव्हा कळल्या.

निघताना ती दारात घुटमळली. "सर, पोरगी बरी झाली तरी मी येऊ का?"

पुढच्या रविवारी दोघी आल्या. मुलगी सारखी म्हणत होती, "आई, आता मला दे ना!"