बर्फ ठेवायचा की साखर?

इंग्रजांच्या अठराव्या शतकातल्या राजकारणावर बोलणारा मराठी माणूस अमेरिकेतल्या या अख्ख्या रेडमंडमध्ये मी एकटाच! तसा मी सातवी नापास. सूनबाईची, मीराची, इतिहासातली पीएच.डी. कानावर पडते, एवढंच. हिवाळाभर पाऊस, बाहेर जायची सोय नाही. किस्से ओल्या मोज्यांसारखे घरात साठत जातात.

*

मीरा सांगत होती, "बाबा, लढाई जिंकल्यावर तहात फ्रेंचांकडून काय ठेवून घ्यायचं, बर्फाळ कॅनडा की साखरेचं बेट, यावर लंडनचे लोक निनावी पत्रकं छापून भांडायचे."

मी म्हटलं, "साखर ठेवा! चहात बर्फ कोण घालतं?"

विनय, माझा मुलगा, मान वर न करता म्हणाला, "इकडे घालतात."

*

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, करंजेकाकूंनी विचारलं, "सून काय शिकते हो?"

"भांडणं मिटवायचं शास्त्र!"

"मग आमच्याकडे पाठवा की!"

सगळे हसले. परतताना कारमध्ये फक्त वायपर बोलत होते. विनयने लांब टेक्सासला, अर्विंगमध्ये जॉब घेतला होता, मीराला न विचारता. थीसिस अर्धा टाकून ती जाणार नव्हती.

*

मीरा म्हणाली होती, काही बिलंदर लेखक आधी पत्रक काढायचे आणि मग वेगळ्या नावाने स्वतःलाच उत्तर द्यायचे. आयडिया झकास!

सोमवारी फ्रिजवर चिकटवलं: 'सुनेने टेक्सासला जावे. - एक शांतताप्रिय सद्गृहस्थ.' मंगळवारी शेजारी: 'मुलाने इथेच मरावे. - एक संतप्त देशभक्त.'

विनयने मीराला विचारलं, "तू लावलंस?"

"नाही. तू?"

आठवड्यातलं पहिलं संभाषण, यार! मी खुशीत चहा ओतला. तेवढ्यात दोघं आपापल्या खोलीत गेलेसुद्धा.

*

मग मी तहाची कलमंच लावली. टेक्सास त्याला, थीसिस तिला. कार त्याला, कुकर तिला. सोफा कापून अर्धा-अर्धा! वाटलं, सोफ्यावर तरी हसतील, भांडतील, काहीतरी बोलतील.

विनयने वाचलं आणि तो बॅग भरायला गेला.

मीराने स्टुडंटचे पेपर तपासायचा लाल पेन उचलला. वरून खाली वाचत गेली. एका शब्दालाही हात लावला नाही.

मी म्हटलं, "किती मार्क, मास्तरीणबाई?"

"बाबा, त्या पत्रकवाल्यांनी बेटावरच्या माणसांना कधी विचारलं नाही. तुम्हीपण तेच केलंत. सोफासुद्धा वाटलात. यात तुम्ही कुणाच्या वाट्याला आलात?"