अनोळखी सिनेमांची चिठ्ठी

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर तो मोबाईल दुरुस्त करायचा. माझ्या फोनची काच बदलून झाल्यावर त्याने चिठ्ठीवर चार सिनेमांची नावं लिहून दिली. एकही मी ऐकलेलं नव्हतं.

"कुनाला म्हाईत नाय, पन जाम हसवतात," तो म्हणाला.

मला संशय आला. "हे मला कशाला?"

तो मान खाली घालून स्क्रू गोळा करत राहिला. "स्क्रीन तपासताना फोटो दिसले. सगले हॉस्पिटलचे रिपोर्टच हायेत."

मी फोन हिसकावून घेतला आणि घरी येताच पासवर्ड बदलला. पण चिठ्ठी फाडवेना. रविवारी आईला त्यातला पहिला सिनेमा लावून दिला. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसली, पोटावरचे टाके हाताने दाबून. शेजारी बसून मी मात्र विचार करत होतो, त्याने आणखी काय काय पाहिलं असेल?